कोर्टाबाहेरची फारकत : सहयोगी घटस्फोट आणि जहरातली मराठी कुटुंबे

सहयोगी घटस्फोट ही लग्न कायदेशीरपणे संपवण्याची एक पद्धत आहे. तिच्यात नवरा आणि बायको आपापला वकील करतात, पण पहिल्या बैठकीतच चौघे मिळून एका करारावर सह्या करतात. बोलणी चालू असेपर्यंत कोणी कोर्टात जायचे नाही, उत्पन्न आणि मालमत्ता लपवायची नाही, बैठकीत बोललेले बाहेर वापरायचे नाही, आणि बोलणी फिसकटलीच तर दोन्ही वकिलांनी प्रकरण सोडायचे; पुढचा खटला नव्या वकिलांनी चालवायचा. सगळी पद्धत या शेवटच्या अटीवर उभी आहे. एरवी तडजोड झाली तर वकिलाला फी मिळते आणि खटला लांबला तर जास्त मिळते. इथे खटला उभा राहिला की त्याचे काम संपते, त्यामुळे तडजोड घडवण्यात त्याचाही स्वार्थ गुंततो. अशिलांनाही नव्या वकिलापुढे सगळे पहिल्यापासून मांडण्याचा खर्च डोळ्यांसमोर दिसत असतो.

मध्यस्थीपेक्षा ही पद्धत वेगळी आहे. मध्यस्थ एकच असतो, तो कोणाच्याच बाजूचा नसतो आणि कोणाला कायद्याचा सल्लाही देत नाही. सहयोगी पद्धतीत प्रत्येकाच्या शेजारी त्याचा स्वतःचा सल्लागार बसलेला असतो. लवादाशी तर तिचे काहीच नाते नाही, कारण इथे निकाल देणारा तिसरा माणूस नसतो. वकिलांखेरीज टेबलाशी एक तटस्थ हिशेबनीस, मुलांच्या बाजूने बोलणारा एक मानसतज्ज्ञ आणि गरज पडल्यास दोघांचे समुपदेशक बसतात. कोर्टाचा संबंध येतो तो अगदी शेवटी, तयार मसुद्यावर हुकूमनामा घेण्यापुरता.

या पद्धतीची सुरुवात अमेरिकेत मिनियापोलिस शहरात झाली. कौटुंबिक खटल्यांना विटलेले स्टू वेब नावाचे वकील १९९० मध्ये ठरवून बसले की यापुढे घटस्फोटाच्या कामात कोर्टाची पायरी चढायची नाही, अशिलांसाठी फक्त तडजोडी करायच्या. कॅलिफोर्नियात पॉलिन टेस्लर या वकील आणि पेगी थॉम्पसन या मानसतज्ज्ञ यांनी तिला अनेक तज्ज्ञांच्या चमूचे रूप दिले. टेक्सासने २००१ मध्ये तिच्यासाठी कायदा केला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या समान कायदे आयोगाने नमुना कायदा तयार केला आणि पुढे वीसहून अधिक राज्यांनी तो स्वीकारला. कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इथेही ती रुजली. वाटेत आक्षेपही आले. वकिलाने आधीच प्रकरण सोडण्याचे वचन देणे हे अशिलाशी इमान राखण्यात बसत नाही, असे मत कोलोरॅडो राज्याच्या वकील संघटनेने २००७ मध्ये दिले; त्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशनने उलट मत दिले की अशिलाला नीट समजावून त्याची संमती घेतली असेल तर त्यात गैर काही नाही. व्यवहारात दुसरे मत टिकले. पण पहिल्या आक्षेपातले तथ्य त्यामुळे नाहीसे होत नाही. ज्याच्या खिशात दुसरा वकील करण्याइतके पैसे आहेत तो टेबलावरून निर्धास्त उठू शकतो, ज्याच्याकडे नाहीत तो उठू शकत नाही.

कोर्टाबाहेर लग्न मोडणे मराठी समाजाला नवे नाही. अनेक जातींत काडीमोड आणि फारकत पंचांपुढे होत असे आणि हिंदू विवाह अधिनियम १९५५ च्या कलम २९ (२) ने रूढीने मिळणारा घटस्फोट आजही शाबूत ठेवला आहे. मुंबई प्रांताने तर १९४७ मध्येच आपला स्वतंत्र हिंदू घटस्फोट कायदा केला होता. मात्र पंचांची फारकत आणि सहयोगी घटस्फोट यांना एका माळेत ओवण्याचा मोह टाळलेला बरा. पंच निकाल देत, दंड बसवत, आणि बाईच्या बाजूने तिथे बोलणारे सहसा कोणी नसे. जातपंचायतींच्या जाचामुळेच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला.

टेबलाचे महत्त्व आणि त्याच्या मर्यादा दोन्ही दाखवणारे मराठी प्रकरण रखमाबाईंचे. बालपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, अपिलात तो पुन्हा जिवंत झाला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. कोर्टाने जे सुटले नाही ते १८८८ मध्ये तडजोडीने सुटले : दादाजींनी २,००० रुपये घेऊन हक्क सोडला आणि रखमाबाई डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या. पण ही तडजोड होऊ शकली ती रखमाबाई कोर्टाला भ्यायल्या नाहीत म्हणून. शिवाय त्यांच्यामागे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरातले शिक्षण आणि मुंबईतल्या सुधारकांचे पाठबळ होते. टेबलावर बसणाऱ्याला उठून जाण्याची सोय असली तरच तडजोड बरोबरीची होते. कुवेतमधल्या जहरातल्या मराठी कुटुंबाची अडचण नेमकी इथे आहे.

जहरातले घर

जहरा कुवेत शहराच्या पश्चिमेला सुमारे ३२ किलोमीटरवर आहे. १९२० च्या लढाईसाठी आणि तिथल्या लाल किल्ल्यासाठी ते कुवेतच्या इतिहासात ओळखले जाते, आणि क्षेत्रफळाने त्याचे गव्हर्नरेट देशात सगळ्यांत मोठे आहे. अमघराचे भंगारबाजार आणि गोदामे, सुलैबियाचा औद्योगिक पट्टा, उत्तरेला अब्दलीची शेते, असा त्याचा पसारा. कुवेतमध्ये भारतीयांची संख्या दहा लाखांच्या घरात असली तरी मराठी कुटुंबांची गर्दी जहरात नाही. ती सालमिया, अब्बासिया, फरवानिया, मंगाफ, फहाहील इकडे. भारतीय शाळाही मुख्यतः तिकडेच आहेत. जहरात नोकरीमुळे राहावे लागते : इस्पितळातल्या परिचारिका आणि तंत्रज्ञ, कंत्राटी कंपन्यांचे अभियंते, गोदामातले सुपरवायझर, चालक, मेकॅनिक. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांचा कुवेतशी संबंध तर काही पिढ्यांचा आहे.

ही माणसे कायद्याच्या दृष्टीने दोन प्रकारच्या घरांत मोडतात. पहिल्यात बायको-मुले कुवेतमध्ये असतात. नवऱ्याचा अकामा (राहण्याचा परवाना) खासगी नोकरीचा, म्हणजे अठरा नंबरचा. बायको-मुलांचा त्याच्या नावावरचा, बावीस नंबरचा. २०२४ च्या जानेवारीत कुटुंब व्हिसा पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यासाठी पगाराची अट ८०० दिनार ठेवली गेली, तेव्हा हे घर खाऊन-पिऊन सुखी आहे असे समजायला हरकत नाही. दुसऱ्या प्रकारच्या घरात नवरा अमघरातल्या खोलीत चौघांबरोबर राहतो आणि बायको खेड, माणगाव किंवा फलटणला सासरी किंवा माहेरी. संख्येने ही घरे जास्त.

पहिल्या घरात लग्न मोडले की बायकोचा बावीस नंबरचा आधारच जातो. तिला स्वतःची नोकरी आणि स्वतःचा अकामा नसेल तर देश सोडावा लागतो. तिने नोकरी धरून अकामा बदलायचा म्हटले तर बदलीचे नियम वेळोवेळी बदलत असतात आणि कफीलाची (ज्याच्या नावावर अकामा आहे त्याची), म्हणजे इथे नवऱ्याची, सही लागण्याचा प्रसंग येतो. तिचा सिव्हिल आयडी, मुलांची शाळा, दवाखाना, बँक खाते सगळे या एका शिक्क्याला बांधलेले. सहयोगी पद्धतीचे अमेरिकी गृहीत असे की दोघेही त्याच शहरात राहतील आणि बोलणी मोडली तर दोघांनाही तेच कोर्ट उघडे असेल. जहरात ते लागू होत नाही. म्हणून इथे टेबलावरचा पहिला विषय पैसा नव्हे, अकामा. बोलणी संपेपर्यंत नवरा बायकोचा आणि मुलांचा अकामा रद्द करणार नाही, मुदत संपली तर नूतनीकरण करेल, पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे राहील, हे लेखी झाल्याशिवाय बाकी आकडे मांडण्याला अर्थ नाही.

परिचारिकांच्या घरात चित्र उलटे असू शकते. नोकरी बायकोची, पक्का अकामा बायकोचा, नवरा तिच्यामागे आलेला. पोटगीच्या नेहमीच्या आडाख्यांना अशा घरात धक्का बसतो.

कुवेतचे कोर्ट काय देते

कुवेतमध्ये व्यक्तिगत बाबींसाठी १९८४ चा कायदा क्रमांक ५१ आहे. तो सुन्नी मालिकी परंपरेवर आधारलेला आहे. शिया जाफरी पंथासाठी २०१९ मध्ये वेगळा कायदा आला. १९८४ च्या कायद्याच्या शेवटच्या भागात सांगितले आहे की मुसलमान नसलेले पक्षकार एकाच धर्म-पंथाचे असतील तर त्यांचे स्वतःचे नियम लागतील, वेगवेगळ्या धर्मपंथांचे असतील तर हाच कायदा लागेल. परकीय पक्षकारांच्या संबंधांसाठी १९६१ चा कायदा क्रमांक ५ आहे, आणि व्यक्तिगत बाबींत तो राष्ट्रीयत्वाच्या कायद्याकडे बोट दाखवतो. म्हणजे हिंदू मराठी जोडपे कुवेतच्या कोर्टात गेले तर अरबी भाषेतल्या कामकाजात, प्रमाणित भाषांतरांच्या आधारे, भारतीय कायदा सिद्ध करत बसण्याची वेळ येऊ शकते. कोर्टात उभे राहण्याचा हक्क मुख्यतः कुवेती वकिलांना. तिथल्या कंपन्यांत काम करणारे भारतीय वकील सल्ला देऊ शकतात, युक्तिवाद करू शकत नाहीत.

कुवेतची व्यवस्था समेटाला विरोधी आहे असे मात्र नाही. १९८४ च्या कायद्यात छळाच्या कारणाने विभक्त होण्याच्या दाव्यात दोन मध्यस्थ नेमण्याची तरतूद आहे आणि त्यांतला शक्यतो एक नवऱ्याच्या आणि एक बायकोच्या कुटुंबातला असावा असा संकेत आहे. त्याचे मूळ कुराणात आहे. २०१५ च्या कायदा क्रमांक १२ ने प्रत्येक गव्हर्नरेटमध्ये कौटुंबिक न्यायालय आणि त्याच्या जोडीला कौटुंबिक वाद मिटवण्याचे केंद्र अशी रचना केली. २०२० च्या कायदा क्रमांक १६ ने घरगुती हिंसेपासून संरक्षण दिले. जहरात मार खाणाऱ्या मराठी बाईलाही तो कायदा उपलब्ध आहे, आणि अशा वेळी टेबलाचा विचारही मनात आणू नये. अमेरिकेच्या नमुना कायद्यातही वकिलाने आधी हिंसेचा किंवा धाकाचा इतिहास तपासावा अशी अट आहे.

कुवेतमध्ये मिळवलेला हुकूमनामा भारतात चालेल का, हा पुढचा प्रश्न. परकीय निकालांना भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ लागते. सुप्रीम कोर्टाने वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी (१९९१) मध्ये नियम घालून दिला : लग्न ज्या कायद्याखाली झाले त्याच कायद्यात मान्य असलेल्या कारणावर आणि योग्य कोर्टाने दिलेला घटस्फोटच मानला जाईल, अपवाद म्हणून, दुसऱ्या बाजूने राजीखुशीने त्या कोर्टापुढे येऊन मागणीला संमती दिली असेल तर तोही मानला जाईल. शिवाय संहितेच्या कलम ४४अ खाली ज्या देशांचे हुकूमनामे भारतात थेट बजावता येतात त्यांत संयुक्त अरब अमिराती २०२० मध्ये आली. कुवेत त्या यादीत नाही. त्यामुळे बहुतेक मराठी हिंदू जोडप्यांनी करार जहरात करावा आणि हुकूमनामा पुणे, ठाणे किंवा रत्नागिरीत घ्यावा, हाच मार्ग सरळ पडतो.

भारतातला शिक्का

हिंदू विवाह अधिनियम भारताबाहेर राहणाऱ्या, पण भारतात अधिवास असलेल्या हिंदूंनाही लागतो. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कलम १३ब १९७६ च्या दुरुस्तीने आले. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले, एकत्र नांदू न शकणारे आणि लग्न संपवण्यावर एकमत झालेले जोडपे संयुक्त अर्ज करते. सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरा अर्ज करून हुकूमनामा घेते. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर (१२ सप्टेंबर २०१७) मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की ही सहा महिन्यांची मुदत सक्तीची नाही. वेगळे राहण्याचा काळ पुरेसा झाला असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा व इतर वाद खरोखर मिटले असतील तर कोर्ट ती माफ करू शकते. टेबलावर तयार झालेला पूर्ण करार असेल तर याच निकालाचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

अमघरातल्या दुसऱ्या प्रकारच्या घराला इथे एक अडथळा आहे आणि तो वकिलांच्याही नजरेतून सुटतो. नवरा तीन वर्षे कुवेतला आणि बायको गावाला, म्हणून तीन वर्षे वेगळे राहिल्याचे आपोआप धरता येत नाही. सुरेश्ता देवी विरुद्ध ओमप्रकाश (१९९१) मध्ये वेगळे राहणे म्हणजे नवरा-बायको म्हणून न नांदणे असा अर्थ लावला गेला : एकाच छपराखाली राहूनही वेगळे असता येते, आणि हजार कोसांवर राहूनही संसार चालू असू शकतो. नोकरीसाठीचे अंतर संसार तोडत नाही. दर महिन्याला घरी पैसे येत होते, सुटीत नवरा घरी येऊन गेला, तर वर्ष कधीपासून मोजायचे हे करारात तारखेसह लिहून ठेवावे लागते. त्याच निकालाने हेही सांगितले की हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकते. म्हणून पैशांचे हप्ते दोन अर्जांच्या पायऱ्यांना बांधण्याची पद्धत वकिलांत पडली आहे : काही रक्कम पहिल्या अर्जाला, उरलेली हुकूमनाम्याच्या दिवशी.

सहयोगी घटस्फोटाला भारतात वेगळा कायदा नाही. त्याचे अवयव मात्र ठिकठिकाणी विखुरलेले सापडतात. कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ ने समेटाचा प्रयत्न करणे कोर्टाचे कर्तव्य ठरवले आणि समुपदेशक नेमले. पुणे आणि मुंबईची कुटुंब न्यायालये १९८९ ची. त्याआधीच, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या मुख्यालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला होता. दिवाणी संहितेचे कलम ८९ २००२ पासून अमलात आले, ॲफकॉन्स प्रकरणात (२०१०) सुप्रीम कोर्टाने वैवाहिक वाद मध्यस्थीस योग्य ठरवले, आणि मध्यस्थी अधिनियम २०२३ मध्ये झाला, जरी त्याची सगळी कलमे एकदम लागू झाली नाहीत. गंमत अशी की कुटुंब न्यायालय अधिनियमाचेच कलम १३ सांगते की कुटुंब न्यायालयात वकील उभा करणे हा पक्षकाराचा हक्क नाही. कायदेमंडळाला वकील भांडण वाढवणारा वाटला. सहयोगी पद्धत त्याच वकिलाला, त्याचे शस्त्र काढून घेऊन, मध्यभागी बसवते.

करारातल्या मुख्य अटी भारतीय कायद्यापुढे कितपत टिकतील, हे अट बघून ठरते. ‘कधीच कोर्टात जाणार नाही’ हे वचन करार अधिनियमाच्या कलम २८ पुढे टिकणार नाही, कारण कायदेशीर दाद मागण्याचा हक्क पूर्णपणे बंद करणारा करार रद्द ठरतो. वकिलाने प्रकरण सोडण्याची अट मात्र अशिलाचा हक्क काढत नाही, ती फक्त वकिलाचे काम मर्यादित करते. वकिलांच्या आचारनियमांत पुरेशा कारणाशिवाय काम मध्येच सोडू नये असे आहे, तेव्हा ही मर्यादा वकीलपत्राच्या वेळीच लिहून घेणे शहाणपणाचे. सर्वांत कच्ची बाजू गुप्ततेची. दिवाणी प्रकरणात ‘विदाउट प्रेज्युडिस’ बोललेले पुराव्यात येत नाही असा सर्वसाधारण नियम असला तरी कुटुंब न्यायालयाला पुरावा कायद्याच्या चौकटीबाहेरची माहितीही पाहण्याची मुभा त्याच अधिनियमाचे कलम १४ देते. म्हणून बैठकीत काय लिहून द्यायचे आणि काय तोंडी ठेवायचे, याचा विचार आधीच व्हावा. आणि बायकोने भविष्यातली पोटगी कायमची सोडली, असे कलम घालून निश्चिंत होणारा नवरा पुढे पस्तावू शकतो. असा त्याग कोर्टे सरसकट मानत नाहीत.

टेबलावरचा हिशेब

मालमत्ता उघड करण्यासाठी नवा नमुना शोधण्याची गरज नाही. रजनेश विरुद्ध नेहा (४ नोव्हेंबर २०२०) हे नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेले प्रकरण. त्यात सुप्रीम कोर्टाने उत्पन्न, मालमत्ता आणि देणी सांगणाऱ्या प्रतिज्ञापत्राचा तपशीलवार नमुनाच जोडून दिला. तो पोटगीच्या वादासाठी आहे, पण टेबलावर दोघांनी तोच भरून एकमेकांना दिला तर निम्मे काम होते.

कुवेतच्या नोकरदाराच्या बाबतीत त्या नमुन्यात एक रकाना हमखास कोरा राहतो, तो सेवासमाप्तीच्या भरपाईचा. २०१० च्या कुवेती कामगार कायद्याप्रमाणे मासिक पगारावरच्या माणसाला पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी १५ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी एक महिन्याचा पगार मिळतो, कमाल मर्यादा दीड वर्षाच्या पगाराची. १५ वर्षे झालेल्या माणसाचे हे साडेबारा महिन्यांच्या आसपास होते. राजीनामा दिला तर दहा वर्षांपर्यंत रक्कम कमी मिळते. हे पैसे अजून हातात आलेले नाहीत म्हणून नवरा ते मोजत नाही, आणि बायकोला बहुतेकदा त्यांचा पत्ताच नसतो. दुसऱ्या बाजूला बँकेचे कर्ज. कुवेतमध्ये थकीत कर्जापोटी देश सोडण्यावर बंदी येऊ शकते, तेव्हा कोणाच्या नावावर किती आणि जामीन कोण, हे आधी पाहायला हवे.

भारतातली मालमत्ता म्हणजे बहुधा पुणे, पनवेल किंवा कल्याणच्या बाजूचा एक फ्लॅट, अनिवासी खात्यातल्या ठेवी आणि दागिने. गोवा सोडल्यास लग्नानंतरची मिळकत निम्मी निम्मी मानणारा कायदा भारतात नाही. हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २५ कायम पोटगीचे आणि कलम २७ लग्नाच्या वेळी दोघांना मिळालेल्या वस्तूंचे. बाकीचा निर्णय टेबलावर जे ठरेल त्यावर. स्त्रीधन वाटणीत धरू नये, ते तिचेच. फ्लॅट बायकोच्या नावे करायचा ठरला तर तारखेला महत्त्व येते : महाराष्ट्रात पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार असल्यास वेगळा. हुकूमनाम्यानंतर दोघे पती-पत्नी राहत नाहीत आणि ही सवलतही राहत नाही.

मुलांचा प्रश्न याहून अवघड. भारत आणि कुवेत दोघेही मुलांच्या अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग कराराचे सदस्य नाहीत, म्हणजे एकाने मूल उचलून दुसऱ्या देशात नेले तर ते परत आणण्याची ठरलेली सरकारी वाट नाही. पालकत्वाच्या १८९० च्या कायद्याखाली मूल नेहमी जिथे राहते तिथले कोर्ट अधिकारी. मूल जहराच्या घरात राहत असेल तर पुण्याच्या कोर्टाच्या अधिकारावरच वाद होऊ शकतो. घटस्फोटाच्या अर्जातच हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली मुलांची व्यवस्था नोंदवून घेतली तर तो वाद बराचसा टळतो. कुवेती कायद्यात मुलगा वयात येईपर्यंत आणि मुलगी लग्न होऊन सासरी जाईपर्यंत सांभाळ आईकडे असतो आणि पालकत्व बापाकडे. हिंदू पालकत्व अधिनियमात पाच वर्षांखालील मूल सहसा आईकडे. दोन्हींतले काही या कुटुंबाला जसेच्या तसे पुरत नाही. आई भारतात परतली आणि बाप जहरात राहिला तर त्याला दोन शनिवार-रविवारची भेट देऊन काय उपयोग? त्याची रजा वर्षातून एकदा, तीही कंपनी देईल तेव्हा. शाळेच्या सुट्ट्यांत मूल कुठे, तिकीट कोणाचे, व्हिडिओ कॉल भारतीय वेळेप्रमाणे किती वाजता, पासपोर्टच्या नूतनीकरणाला दोघांची संमती कशी, असे बारीक कोष्टकच लागते. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सुप्रीम कोर्टाने दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलने भेटण्याचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. भारताच्या विधी आयोगाने २०१५ च्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची आणि पालकत्वाच्या आराखड्याची शिफारस केली. कायदा झाला नाही, पण आराखड्याची कल्पना टेबलावर जशीच्या तशी वापरता येते.

बैठकीला कोण बसणार, हाही साधा प्रश्न नाही. कुवेतमध्ये मराठी मंडळी थोडी, गणपतीला आणि दिवाळीला सगळे सगळ्यांना भेटतात. मंडळातल्या काका-काकूंना मध्यस्थ केले तर गोष्ट आठवडाभरात फहाहीलपर्यंत जाते. वडीलधाऱ्यांचा धीर मोलाचा असतो, पण गुप्ततेची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे त्यांच्यावरही अन्याय. व्यवहार्य मांडणी अशी : दोघांचे दोन भारतीय वकील व्हिडिओवर, अकामा आणि भरपाईपुरता एक कुवेती सल्लागार, एक हिशेबनीस आणि मुलांशी मराठीत बोलू शकणारा एक समुपदेशक. एवढा खर्च अमघरातल्या मेकॅनिकला झेपणारा नाही. त्याच्या घरासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मध्यस्थी हाच खरा पर्याय आहे. सहयोगी पद्धत अजून तरी ८०० दिनारांच्या वरच्या घरांची चीज आहे आणि हे तिच्या प्रचारकांनी लपवू नये.

धर्मानुसार वाट बदलते. कोकणी मुसलमान जोडप्याला खुला आणि मुबारत या संमतीच्या वाटा शरीयतमध्येच आहेत आणि कुवेतचे कोर्ट त्यांना परिचित आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने एका दमातला तीन तलाक मात्र निरर्थक आणि तीन वर्षांपर्यंत कैदेला पात्र गुन्हा ठरवला आहे. ख्रिस्ती जोडप्याला त्यांच्या घटस्फोट कायद्यात २००१ मध्ये आलेले कलम १०अ, दूतावासात किंवा नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांना विशेष विवाह अधिनियमाचे कलम २८ लागते, आणि गोव्याच्या कुटुंबांचे पोर्तुगीज काळापासूनचे वेगळे कायदे आहेत, ज्यांत मिळकतीच्या वाटणीचा पायाच निराळा असल्याने टेबलावरचे सारे आकडे बदलतात.

फौजदारी तक्रार आधीच दाखल असेल तर तीही करारात यावी लागते. छळाचे पूर्वीचे कलम ४९८अ, आताच्या भारतीय न्याय संहितेतले ८५ आणि ८६, पक्षकारांना आपापसात मिटवता येत नाही. मात्र बी. एस. जोशी (२००३) आणि ग्यान सिंग (२०१२) या निकालांनंतर खरी तडजोड झाली असेल तर हायकोर्ट आपल्या अंगभूत अधिकारात असे गुन्हे रद्द करू शकते. तक्रार मागे घेणे हा टेबलावरचा सौदा होता कामा नये, हे वकिलांनी पाहायचे असते. नवऱ्याच्या बाजूला तो सौदाच वाटतो, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही.

शेवटचा टप्पा कागदांचा. अर्जासाठी दोघांनी पुण्यात किंवा रत्नागिरीत प्रत्येक तारखेला हजर राहणे शक्य नसते. मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्ये परदेशात राहणाऱ्या जोडप्याला मुखत्यारामार्फत संयुक्त अर्ज करण्याची आणि संमती व्हिडिओवर नोंदवण्याची मुभा दिली. मुखत्यारपत्र कुवेतमधल्या भारतीय दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करून साक्षांकित करायचे, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा. मुदत चुकली तर दंड भरून कागद पुन्हा नीट करावा लागतो. मुखत्यार म्हणून शक्यतो दोघांनी वेगवेगळी माणसे नेमावीत; नवऱ्याच्या भावाने दोघांच्याही वतीने सही केलेला अर्ज न्यायाधीशाच्या मनात संमतीबद्दलच शंका आणतो. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मिळाली की ती परराष्ट्र मंत्रालय आणि कुवेतचा दूतावास यांच्याकडून प्रमाणित करून, अरबी भाषांतरासह, जहराच्या अकामा कार्यालयात द्यावी लागते. बायकोचा नवा अकामा किंवा परतीचे तिकीट यांपैकी जे ठरले असेल ते त्याआधी हातात असावे, कारण ती प्रत दाखल झाली की बावीस नंबरचा आधार उरत नाही.